सुतारकामातील डिस्क सँडर : मांडणी, वापर आणि दक्षता

सुरतेच्या पूर्वेस तापीकाठी कामरेज हे तालुक्याचे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग येथूनच पुढे जातो. गेल्या काही दशकांत सुरत शहराची वाढ या बाजूस झपाट्याने झाली. नवी घरे उभी राहिली म्हणजे त्यांच्यामागोमाग दारे, खिडक्या, कपाटे आणि पलंग करणारे कारागीरही येतात. त्यांत मराठी माणूसही आहे. जी तापी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत येते, तिच्याच दिशेने भुसावळ–सुरत लोहमार्गावरून खानदेशातील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी सुरतेकडे गेली व तेथेच स्थिरावली. सुरत महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवाव्या लागतात, यावरून या वस्तीची कल्पना यावी.

अशाच एका खानदेशी सुताराच्या कर्मशाळेत मध्यंतरी जाण्याचा योग आला. पत्र्याच्या छपराखाली रंधा, पटाशी, करवत, गुण्या अशी वडिलोपार्जित हत्यारे भिंतीवर टांगलेली होती, आणि कोपऱ्यात लोखंडी घडवंचीवर उभी फिरणारी एक चकती होती. मिस्त्रींच्या उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण दिसली, म्हणून सहज विचारले. ते म्हणाले, "साहेब, मोटर जळाली होती. वाइंडिंग करून आली, बसवली, आणि नेहमीसारखा डाव्या बाजूला उभा राहून लाकूड लावलं. चकती उलटी फिरत होती. लाकूड सरळ कपाळावर आलं. वाइंडिंगवाल्याला काय बोलणार? फिरण्याची दिशा मीच आधी बघायला पाहिजे होती."

या एका वाक्यात यंत्राच्या वापराचे बरेचसे शास्त्र आले आहे. ज्या यंत्राने दिवसाचे काम तासावर आणले, त्याच यंत्राची मांडणी चुकली तर ते डोळा, बोट किंवा श्वास हिरावून घेऊ शकते. आज लहान गावांतील कर्मशाळांतून आणि व्यवसाय शिक्षण देणाऱ्या शाळांतून हे यंत्र दिसू लागले आहे. त्याची मांडणी कशी करावी, त्यावर काम कसे करावे आणि त्यापासून कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फिरत्या चकतीचे तत्त्व

फिरत्या चकतीवर वस्तू घासून तिला आकार देण्याची कल्पना या परिसरास नवीन नाही. सुरतेचा जगप्रसिद्ध हिरे-उद्योग मुळात अशाच एका चकतीवर उभा आहे. हिऱ्यास पैलू पाडण्याच्या मेजास तेथे 'घंटी' म्हणतात. तिच्यावर लोखंडी चकती आडवी फिरते, चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड असते आणि घंटीभोवती बसलेले कारागीर हिरा तिच्यावर टेकवून एकेक पैलू घडवितात. हिऱ्याला हिराच कापतो, तसेच येथेही आहे. घासणारा कण घासल्या जाणाऱ्या पदार्थाहून कमी कठीण असून चालत नाही, हे या कामाचे पहिले सूत्र होय.

सुताराच्या सँडरमध्ये चकती उभी असते आणि हिऱ्याच्या पुडीऐवजी तिच्यावर घासकागद चिकटविलेला असतो. या कागदावरील कण बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. घासकागदाचा क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. हा क्रमांक चाळणीच्या एक इंच लांबीत किती छिद्रे आहेत, या जुन्या मोजमापावरून आला आहे. ६० क्रमांकाचा कागद भरभर लाकूड काढतो, ८० ते १२० क्रमांकाचे कागद नेहमीच्या कामास योग्य ठरतात. त्याहून बारीक कागद या यंत्रावर लवकर भरून जातो आणि लाकूड जाळतो.

चकतीचा दुसरा गुणधर्म असा की, तिच्या सर्व भागांचा वेग सारखा नसतो. बारा इंच, म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास १,४४० फेरे घेत असेल, तर तिची कड सेकंदास सुमारे साडेबावीस मीटर, म्हणजे तासाला सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असते. मध्य आणि कड यांच्या निम्म्या अंतरावर हाच वेग निम्मा होतो आणि नेमक्या मध्यबिंदूवर तो शून्य असतो. म्हणून कडेजवळ लाकूड अधिक झिजते आणि मध्याजवळ कमी. हाच हिशेब मोटर निवडताना उपयोगी पडतो. मिनिटास २,८८० फेरे घेणाऱ्या मोटरवर बारा इंची चकती बसविली, तर कडेचा वेग दुप्पट होऊन लाकूड करपते आणि कागद उखडण्याचा धोका वाढतो. मोठ्या चकतीस मंद मोटर, हा नियम लक्षात ठेवावा.

यंत्र कोणत्या कामाचे

डिस्क सँडर हे रंध्याची जागा घेणारे यंत्र नव्हे. कापलेल्या लाकडाचे टोक काटकोनात आणणे, ठरावीक कोनाची तिरपी धार देणे, बाहेरच्या बाजूस गोलाई आणणे आणि आखलेल्या रेघेपर्यंत लाकूड बिनचूक नेणे, ही त्याची कामे. खुर्चीचे पाय, चौकटीचे सांधे, पाळण्याच्या पट्ट्या आणि लाकडी खेळण्यांची चाके यांच्यासाठी ते उत्तम. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तशा लहान वस्तूंच्या कडा एकसारख्या करण्याच्या कामी या यंत्राचे साहाय्य होऊ शकते.

मात्र फळीचा रुंद पृष्ठभाग याच्यावर गुळगुळीत करू नये. चकती गोल फिरत असल्यामुळे तिचे ओरखडे कमानीसारखे आणि रेषांना आडवे उमटतात. पॉलिश चढविले की ते उठून दिसतात. म्हणून चकतीवरून आलेल्या भागास शेवटी हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने बारीक घासकागद फिरवावा लागतो.

मांडणी

यंत्र सपाट व मजबूत जमिनीवर ठेवून पाणसळीने पारखावे आणि घडवंची बोल्टांनी जमिनीस पक्की करावी. पायाखाली रबराचे तुकडे घातल्यास थरथर कमी होते. यंत्रासमोर उभे राहण्यास आणि लांब लाकूड फिरविण्यास मोकळी जागा हवी. उजेड डाव्या बाजूने किंवा वरून यावा. आखलेली रेघ सावलीत गेली, तर हात नकळत चकतीकडे झुकतो.

विजेच्या जोडणीत अर्थिंग वगळू नये. ग्रामीण भागात वीज वारंवार जाते व अवचित येते. चालू स्थितीत राहिलेले यंत्र वीज येताच आपोआप फिरू लागते, आणि नेमक्या त्या वेळी कारागिराचा हात कागद पुसत असतो. यासाठी वीज जाताच स्वतः सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर बसवावा. त्याचे बंद करण्याचे बटण लाल, ठळक आणि डोळ्यांनी न पाहताही हाती लागेल असे असावे.

कागद लावण्यापूर्वी यंत्राचा प्लग काढून ठेवावा. चकतीवरील जुना गोंद आणि भुकटी पूर्णपणे पुसून काढावी, कारण खाली राहिलेला एक खडाही कागदास उंचवटा आणतो व तेथून कागद फाटू लागतो. पाठीस गोंद असलेला तयार कागद मध्यापासून कडेकडे दाबत बसवावा. चकतीच्या बाहेर येणारा भाग कापून टाकावा. मग चकती हाताने फिरवून ती कोठे घासत नाही ना, हे पाहावे. नंतर यंत्र सुरू करून एक मिनिट बाजूस उभे राहावे. कागद नीट चिकटलेला नसेल, तर तो पहिल्या मिनिटातच सुटतो.

यानंतर टेबल. ते चकतीशी नेमके काटकोनात आहे की नाही, हे गुण्याने तपासावे. यंत्रावरील कोनाच्या खुणांवर विसंबू नये, कारण त्या वापराने सरकतात. टेबल आणि चकती यांच्यातील फट दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. फट मोठी राहिली, तर लाकडाचा बारीक तुकडा, किंवा बोटाचे टोकही, तिच्यात ओढले जाते. टेबल तिरपे केल्यावर ही फट बदलते, म्हणून प्रत्येक वेळी ती पुन्हा पारखावी.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी फिरण्याच्या दिशेची. यंत्रास समोरून पाहिले असता चकती बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामुळे तिची डावी बाजू खाली जाते आणि उजवी वर येते. दिशा पाहण्यासाठी बटण क्षणभर दाबून सोडावे, आणि चकती मंदावत असताना ती कोणत्या बाजूस खाली जाते हे पाहून जाळीवर खडूने बाण काढावा. तीन फेजच्या मोटरीत दोन तारांची अदलाबदल झाली की दिशा उलटते. मोटर दुरुस्त होऊन आली, जोडणी बदलली किंवा यंत्र दुसऱ्या जागी नेले, तर ही तपासणी न चुकता करावी. कामरेजच्या त्या मिस्त्रींनी आता बाण खडूने न काढता रंगानेच रंगविला आहे.

काम करताना

लाकूड नेहमी चकतीच्या खाली जाणाऱ्या अर्ध्या भागावरच लावावे. तेथे चकती लाकडास टेबलावर दाबून धरते आणि धूळही खाली ढकलते. वर येणाऱ्या बाजूस लावलेले लाकूड ती उचलते व कारागिराकडे फेकते. धूळही थेट तोंडावर येते.

चकती पूर्ण वेगात आल्यावरच लाकूड हळुवार टेकवावे. जोर लावल्याने काम लवकर होत नाही, फक्त कागद भरतो आणि लाकूड काळे पडते. काम एकाच जागी न धरता डावीकडच्या अर्ध्या भागात मागे-पुढे फिरते ठेवावे, म्हणजे कागद सारखा झिजतो. रेघ शिल्लक ठेवून थांबावे. उरलेला केसभर भाग काढता येतो, पण गेलेला परत लावता येत नाही, ही सुतारकीतील जुनी शिकवण येथेही खरी ठरते.

बोटे चकतीपासून दूर राहतील इतका मोठा तुकडाच हातात धरावा. लहान तुकड्यासाठी लाकडाचीच एक धरणी करून त्यात तो अडकवावा. सैल बाह्या, उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक, घड्याळ, अंगठी यांना यंत्राजवळ जागा नाही. हातमोजेही घालू नयेत. मोज्याचा धागा कागदात अडकला, तर त्याच्यामागोमाग हात जातो. डोळ्यांवर चष्मा मात्र असलाच पाहिजे.

जुन्या लाकडातील खिळे आधी काढावेत. लाकडाच्या यंत्रावर लोखंड घासू नये. लोखंडाच्या ठिणग्या साचलेल्या भुश्यात पडल्यास आग लागते, आणि ती कधी कधी काही तासांनी भडकते. कर्मशाळेत बिडी-काडीला मज्जाव असावा, याचेही हेच कारण.

कागद भरून गुळगुळीत झाला, तर तो लगेच टाकून देऊ नये. यासाठी खास रबराची वडी मिळते. ती नसल्यास जुन्या चपलेचा क्रेप रबराचा तळ फिरत्या चकतीवर, अर्थात खाली जाणाऱ्या बाजूसच, हलके टेकवावा. अडकलेली भुकटी निघून येते व कागद पुन्हा काम देऊ लागतो.

धूळ : न दिसणारा धोका

वरील धोके डोळ्यांना दिसणारे आहेत. धुळीचा धोका मात्र वर्षानुवर्षे दिसत नाही, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. चकती जे काही काढून घेते, ते कोठे तरी जातेच, आणि ते कोठे जाते हा प्रश्न फार थोड्या कर्मशाळांत विचारला जातो.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण गुजरातमध्येच आहे. खंभात येथे अकीक दगडाचे मणी व दागिने घडविण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. अकीक म्हणजे सिलिकाचाच एक प्रकार. तो फिरत्या चाकावर घासताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुप्फुसात बसून सिलिकोसिस हा रोग जडतो. हा रोग बरा करणारे औषध नाही. धंदा बहुतांशी घरांतून चालत असल्यामुळे चाकावर न बसणारी घरातील माणसेही या धुळीतून सुटली नाहीत. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी केली आणि चाकाजवळच धूळ ओढून घेणारी साधने तयार करून दाखविली.

लाकडाची धूळ सिलिकाची नसते, म्हणून ती निरुपद्रवी आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. १९६० च्या दशकात तेथील डॉ. एस्मे हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, एरवी फार विरळा असणारा नाकाच्या पोकळीतील एक कर्करोग तेथील लाकूड-कारागिरांत वरचेवर आढळतो. त्या निरीक्षणावर पुढे अनेक देशांत संशोधन झाले, आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. याशिवाय सागाच्या व शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते आणि काहींना दमा जडतो.

या धुळीस आवर घालण्याचे उपाय असाध्य नाहीत. पहिला उपाय, धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती ओढून घेणे. सँडरच्या टेबलाखाली धूळ बाहेर काढण्याचे तोंड असते. ते उघडे न ठेवता त्यास नळी लावून शोषणयंत्र जोडावे व पिशवी वेळेवर रिकामी करावी. दुसरा उपाय, चकतीचे काम उघड्या ओसरीत किंवा वाऱ्याच्या दिशेने करणे, मात्र घराच्या दाराकडे किंवा शेजाऱ्याच्या अंगणाकडे धूळ जाणार नाही अशा बेताने. तिसरा उपाय, भुसा कोरडा झाडू नये व हवेच्या झोताने उडवू नये. पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने तो गोळा करावा. चौथा उपाय मुखपट्टीचा. तोंडास बांधलेला रुमाल बारीक कण अडवीत नाही. एन-९५ सारखी कण अडविणारी मुखपट्टी चेहऱ्यास घट्ट बसेल अशी लावावी. कपडे झटकूनच घरात जावे, कारण अंगावरची धूळ घरातील मुलांपर्यंत पोचते.

कायदा, शाळा आणि साहाय्य

यंत्रांच्या फिरत्या भागांस संरक्षक जाळी असावी आणि धूळ कामगारांच्या श्वासात जाऊ नये, अशा तरतुदी केंद्र शासनाच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातच करण्यात आल्या होत्या. तथापि विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तरच ते स्थळ कारखाना ठरत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या वीस करण्यात आली. दोन-तीन माणसांची सुतारशाळा यांत बसत नाही. म्हणजे ज्या कर्मशाळांतून हे यंत्र अधिकाधिक वापरले जाते, त्यांची तपासणी करण्यास निरीक्षक येण्याचा प्रसंग क्वचितच. तेथे मालक, कारागीर आणि निरीक्षक एकच माणूस असतो. त्यानेच आपली जबाबदारी ओळखावयाची आहे.

शिक्षकबंधू-भगिनींनी एक गोष्ट विशेषकरून लक्षात घ्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहाव्या इयत्तेपासून मुलांना हस्तव्यवसायांचा परिचय करून देण्यावर भर दिला आहे. हा परिचय रंधा, कानस व हाताच्या करवतीने व्हावा. चकतीचे यंत्र शिक्षकांनी स्वतः चालवून दाखवावे आणि मुलांना खडूच्या रेघेमागे उभे करावे. फिरण्याची दिशा, कडेचा वेग, घासकागदाचा क्रमांक यांवरून गणिताचे व विज्ञानाचे उत्तम पाठ घेता येतात. त्यासाठी मुलांच्या हाती यंत्र देण्याची आवश्यकता नाही.

सुतारांसाठी शासकीय साहाय्यही उपलब्ध आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय ठेवण्यात आली आहे. ग्रामपंचायतींनी व क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी या योजनेची माहिती देताना यंत्राबरोबरच धूळ शोषण्याचे साधन, चष्मा आणि मुखपट्टी यांचाही खर्च हिशेबात धरण्यास कारागिरांना सांगावे. यंत्र घेतले आणि ही साधने राहिली, तर खरेदी अर्धीच झाली, असे समजावे.

कामरेजच्या कर्मशाळेतून निघताना मिस्त्रींचा तरुण मुलगा सँडरवर काम करीत होता. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मुखपट्टी, आणि टेबलाखालून निघालेली नळी बाहेरच्या पिंपात सोडलेली. तो सुरुवात करण्यापूर्वी थांबला, बटण क्षणभर दाबून सोडले, रंगविलेल्या बाणाकडे एकदा पाहिले आणि मगच लाकूड हाती घेतले. मिस्त्री म्हणाले, "रोज सकाळी पहिलं काम हेच. मी सांगत नाही आता, तोच करतो."

ही सवय एका घरात रुजू शकते, तर ती प्रत्येक गावाच्या सुतारशाळेत रुजण्यास हरकत नसावी.